शेरा : कोरडी

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी भागात निरीक्षण विहिरींची पाणीपातळी मोजत फिरत होतो. पाऊस चांगला झाला होता, नाले अजून वाहत होते. त्यामुळे त्या गावच्या 14 मीटर खोल विहिरीत खडू फासलेली फीत सोडताना आकडा मनात आधीच ठरला होता : पाणी तीन, फार तर चार मीटरवर. फीत तळाला टेकली. वर ओढली तर खडू होता तसाच पांढरा. पुन्हा सोडली, पुन्हा तेच.

"कितीबी डाव सोडा साहेब, कोरडीच येईन. पाणी तिकडं गेलं नं."

गावची गुरं राखणारे ढोरकी बाबा. काठी खाणीकडे रोखलेली.

उघडी खाण तिथून किलोमीटरभर. इथे कोळशाच्या वर कामठी वालुकाश्म आहे, पाणी धरणारा खडक. खाण तोच कापत खाली जाते. खड्ड्याचा तळ विहिरीच्या तळाहून कितीतरी खोल, मग विहिरीत पाणी थांबेल कशाला? ते खड्ड्यात झिरपतं आणि पंपाने नाल्यात जातं. मला हे शिकायला वहीभर सूत्रं लागली होती.

बाबांनी गायरान दाखवायला नेलं. तिथे ओबीचा डोंगर उभा. (कोळशावरून काढलेल्या माती-दगडाला खाणीवर सगळे ओबीच म्हणतात.) "इथं पवन्या होता, कुसळी होती. दिवसभर ढोरं हलत नव्हती." आता उतारावर गाजरगवत आणि रायमुनिया. पायथ्याशी उरलेल्या गवताचं एक पातं चिमटीत धरून ओढलं, बोटं काळी झाली.

ढोरं नाल्यावर खाणीचंच पाणी पीत होती. मीटर बुडवला : टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, 1,460. माणसांच्या पिण्याच्या पाण्यासाठी मानक लिटरला 500 मिलिग्रॅमचं, दुसरी सोयच नसेल तर 2,000 पर्यंत.

"चांगलं हाय का?"

"ढोरांना चालेल," म्हणालो. एवढ्या एका आकड्यावर असं बोलायला नको होतं. सल्फेट किती, हे तपासणीशिवाय मला तरी कुठे माहीत होतं?

संध्याकाळी वरिष्ठांना सांगितलं, तर उत्तर आलं, "कोरडी विहीर यादीत कशाला? गावाच्या दुसऱ्या टोकाची पाणी असलेली घ्या." म्हणजे पुढच्या तक्त्यात गावाची पातळी चढलेलीच दिसणार! मी विहीर बदलली नाही. शेऱ्याच्या रकान्यात 'कोरडी' लिहिलं आणि कुणी विचारलं नव्हतं तरी शेजारी, बारीक अक्षरात : 'खाण 1.1 किमी.'