आमची वाटचाल: एका सुताचं भांडण

भोसरी एमआयडीसीतलं आमचं वर्कशॉप मूळचं वाहनांच्या सुट्या भागांसाठी जिग-फिक्स्चर (काम ठरल्या जागी धरून ठेवणारे साचे) करणारं. गोल्फ क्लबची, म्हणजे चेंडू मारायच्या काठीची, लांबी मोजायचा जिग हे त्यातलं जोडउत्पादन, पण घरी क्लब बांधणारी मंडळी आम्हाला ओळखतात ती त्याच्यामुळेच. बाकीची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते परत आलेल्या मालाबद्दल.

एका दुकानदाराने आमचे जिग घाऊक उचलले आणि सगळेच्या सगळे परत धाडले. तक्रार काय, तर जिगवर ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब) एक-दीड सूत जास्त भरतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याच्याकडे स्वतःची ॲल्युमिनियमची पट्टी होती, ४८ इंची, खाली पाय असलेली. तिच्यावर भरते तीच खरी लांबी, असं तो गिऱ्हाइकांना सांगत सुटला. त्या वर्षी पगार हप्त्याने द्यावे लागले, एक मिलिंग मशीनही विकलं. मालाचे पैसे आजतागायत आलेले नाहीत. (धंद्यात नवीन असाल तर एवढं ऐका: पहिल्या ऑर्डरला उधारी नको, समोरचा कितीही गोड बोलो.)

आता खरं काय ते. पट्टीने मोजताना क्लब खेळण्याच्या स्थितीत उभा करतात. म्हणजे ड्रायव्हरचा दांडा जमिनीशी ५६-५७ अंशांत येतो. आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांच्या नियमात क्लब आडवा ठेवतात, सोल (डोक्याचा तळ) ६० अंशांच्या पाटीला टेकवतात आणि दोन पातळ्या मिळतात त्या रेषेपासून ग्रिपच्या (मुठीच्या) टोकापर्यंत मोजतात. ड्रायव्हरचा सोल गोलसर, जमिनीला टेकतो तो बिंदू दांड्यापासून दीड-दोन इंच लांब. कोन तीन अंशांनी उभा झाला की तेवढ्या अंतरावर साधारण एक सूत वाढतं. जिग चुकत नव्हता, पट्टीही चुकत नव्हती. दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजत होते, आणि हे त्या दुकानदाराला पुरेपूर ठाऊक होतं.

जिग घरी करायचा तर करा, आम्हाला वाईट वाटणार नाही. सरळ प्लायची पाच फुटी पट्टी घ्या आणि एका टोकाला १० सेंटिमीटरची पाटी तिरकी बसवा. पाटीचा वरचा काठ बुडापासून ८.६६ सेंटिमीटर उंच आणि ५ सेंटिमीटर मागे आला की ६० अंश झाले. मागे म्हणजे ग्रिपपासून दूर. पाटी ग्रिपकडे झुकलेली बसवली तर टाचेवरचा कोन उलटतो आणि मापाला अर्थच उरत नाही. स्केलचं शून्य कोपऱ्याच्या रेषेवर हवं. मेजरिंग टेपचा हूक आपल्या जाडीइतका हलतो. तो मुद्दाम तसाच केलेला असतो, पण रिव्हेट झिजली की फसवतो. त्यापेक्षा टेपची १० इंचांची खूण शून्यावर लावा आणि येईल त्यातून १० वजा करा. शिंप्याची टेप नकोच, ती ताणली जाते.

येरवड्याच्या गोल्फ कोर्सवरचे एक जुने कॅडी (खेळाडूंचे क्लब वाहणारे), ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते घरी क्लब दुरुस्त करतात. परत आलेल्या मालातला पहिला जिग रोख पैसे मोजून त्यांनी नेला आणि वर सुनावलं, "स्केल चिकटवता कशाला, रिव्हेट मारा." तेव्हापासून रिव्हेट.

मामांचाच आग्रह असतो की टिप, म्हणजे शाफ्टचं (दांड्याचं) हेडकडचं टोक, आधी कापायची, आणि बट, म्हणजे ग्रिपकडचं टोक, सगळ्यात शेवटी. टिप कापून झाली की फेरूल (जोडावरची कडी) घालून शाफ्ट हेडमध्ये कोरडाच बसवा, होझेलच्या (शाफ्ट शिरतो त्या हेडच्या नळीच्या) भोकाच्या तळापर्यंत. होझेलच्या तोंडाशी पेन्सिलने खूण करा, ती पुढे लागणार आहे. मग हव्या त्या लांबीतून ग्रिपच्या टोपीची जाडी वजा करून बटवर खूण करा. टोपी बहुधा एक सूत असते, पण गृहीत धरू नका. ग्रिपमध्ये बारीक सळई टोपीला टेकेपर्यंत सरकवा, ग्रिपच्या बाहेरच्या लांबीतून सळई आत गेली तेवढं वजा करा, म्हणजे जाडी मिळाली. स्टीलचा शाफ्ट पाइप कटरने कापा. ग्रॅफाइटला पाइप कटर लावलात तर तंतू चिरडतात. त्याला मास्किंग टेप गुंडाळा, बारीक दात्यांचं हॅक्सॉ वापरा आणि तोंडाला मास्क बांधा.

एवढं करून लांबी चुकते ती इपॉक्सीत. भोक बुजलेलं असेल आणि आत इपॉक्सी जास्त झाली तर शाफ्ट तळाला टेकतच नाही, किंवा दाबलेली हवा त्याला हळूहळू वर ढकलते. म्हणून शाफ्ट फिरवत बसवा, पेन्सिलची खूण जुळवा, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. ग्रिप इपॉक्सी पक्की झाल्यावरच चढवा, तोवर हवेला बटकडून वाट राहते. ग्रिप चढवल्यावर टोपीवर अंगठा दाबा. दबली तर आत पोकळी आहे आणि क्लब तेवढा जास्त लांब भरणार. बट जमिनीवर आपटून ग्रिप बसवा.

आयर्नच्या (लोखंडी डोक्याच्या क्लबांच्या) संचात लागोपाठच्या दोन क्लबांमध्ये अर्धा इंच, म्हणजे चार सुतं. मधला एक क्लब एका सुताने लांब झाला तर एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला पाच. स्विंगवेटमध्ये (क्लब फिरवताना हेड किती जड लागतं त्याच्या मापात) अर्ध्या इंचाला साधारण तीन पॉइंट, म्हणजे त्या सुताचा पाऊण पॉइंट. काही लोक हेडला शिशाची पट्टी चिकटवून वजन जुळवतात आणि लांबी तशीच सोडतात. आमच्या मते ही आळशी दुरुस्ती.

२०२२पासून स्पर्धांना ड्रायव्हरची मर्यादा ४८वरून ४६ इंचांवर आणणारा स्थानिक नियम लावता येतो, आणि तिथलं माप ६० अंशांतलंच. त्यानंतर त्या दुकानदाराचा फोन आला होता, जिग हवे होते. आधीची बाकी सांगितली. फोन ठेवला.

पटरसाठी (चेंडू भोकात ढकलायच्या क्लबसाठी) मात्र आमचा जिग मागू नका. पटरची लांबी दांड्याच्या अक्षाच्या रेषेत थेट सोलपर्यंत मोजतात, तिथे ६० अंशांचा संबंध नाही. लोखंडी फूटपट्टी आणि गुण्या पुरे.