स्लर्मच्या रांगेत जॉब का अडकतो?

क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांच्या यंत्रणेवर, नव्यानं आलेला विद्यार्थी आधी सीनियरची जॉब (चालवायचं काम) पाठवायची स्क्रिप्ट मागून घेतो आणि त्यातले आकडे तसेच ठेवतो. वेळ सात दिवस, मेमरी १२८ जीबी, कोअर ४०. प्रत्यक्षात प्रोग्रॅम वीस मिनिटांचा. मग जॉब दोन दिवस ‘पेंडिंग’ दिसतो आणि खापर फुटतं मशिनवर. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’सारख्या मोठ्या यंत्रणेपासून विभागातल्या चार नोडच्या (नोड म्हणजे क्लस्टरमधला एक संगणक) क्लस्टरपर्यंत बहुतेक ठिकाणी जॉबची रांग सांभाळतो तो स्लर्म हा प्रोग्रॅम, आणि तो तुमच्या आकड्यांवर विश्वास ठेवूनच जागा लावतो.

समजा, एका मोठ्या जॉबसाठी स्लर्म नोड रिकामे करत आणतोय आणि काही कोअर तीन तास मोकळे पडलेत. त्या फटीत तो लहान जॉब सरकवतो. याला बॅकफिल म्हणतात. पण तुमचा जॉब तीन तासांत संपेल हे त्याला कळणार तुम्ही लिहिलेल्या मुदतीवरूनच. सात दिवस लिहिलेत की ती फट तुमच्यासाठी नाहीच.

मुदत लिहिताना एक खोड लक्षात ठेवा. ‘२:००’ म्हणजे दोन तास नव्हे, दोन मिनिटं! दोन तासांसाठी ‘२:००:००’ लिहावं लागतं. नुसता ‘१०’ म्हणजे दहा मिनिटं, ‘१-१२’ म्हणजे दीड दिवस. सुरू होताच ‘टाइमआउट’ होणारे कितीतरी जॉब या एका कोलनमुळे मेलेले असतात.

मेमरी अंदाजानं मागू नका, मोजा. डेटाचा छोटा तुकडा घेऊन एकदा चालवा आणि जॉब संपल्यावर स्लर्मच्या ‘सॅक्ट’ या कमांडमध्ये ‘मॅक्स-आरएसएस’, म्हणजे वापरलेली कमाल मेमरी, बघा. हा आकडा बहुधा दर ३० सेकंदांनी घेतलेल्या नोंदींमधला सर्वांत मोठा असतो, म्हणजे मधेच क्षणभर उसळलेली मेमरी त्यात सुटू शकते. म्हणून वर २०-३० टक्के ठेवा. पूर्ण डेटावर मेमरी किती वाढेल तेही पाहावं लागतं: ओळी दुप्पट झाल्या तर टेबल दुप्पट होतं, पण सगळ्या जोड्यांमधल्या अंतरांचं मॅट्रिक्स चौपट होतं. मेमरी ‘दर कोअर’ मागत असाल तर गुणाकार विसरू नका. ८ कोअर आणि दर कोअर ४ जीबी म्हणजे ३२ जीबी अडवली.

कोअरच्या बाबतीत पायथॉनवाले हटकून फसतात. ‘ओएस डॉट सीपीयू-काउंट’ अख्ख्या नोडचे कोअर मोजून सांगतं, तुम्हाला मिळालेले नाही. ४ कोअर घेतलेत, नोड ४८ चा आहे, तर ४८ प्रोसेस त्या चार कोअरवर एकमेकींना ढकलत बसतात. प्रत्येक प्रोसेसमध्ये नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी आणखी थ्रेड काढते ते वेगळंच. उपाय सोपा: प्रोसेसची संख्या स्लर्मनं दिलेल्या ‘सीपीयूज पर टास्क’ या व्हेरिएबलमधून घ्या, आणि अनेक प्रोसेस चालवत असाल तर थ्रेडची संख्या ठरवणारं ‘ओएमपी नम थ्रेड्स’ हे व्हेरिएबल १ वर ठेवा.

जीपीयू घेऊन तो रिकामा ठेवणं, हे माझ्या मते सगळ्यांत वाईट. आणि तो बहुतेकदा रिकामा असतो डिस्कमुळे. लाखो छोट्या जेपेग फाइल सामायिक डिस्कवरून वाचायच्या तर प्रत्येक फाइल उघडताना मेटाडेटा सर्व्हरला (कोणती फाइल कुठे आहे याची नोंद ठेवणाऱ्या संगणकाला) विचारावं लागतं. तो तुंबला की इतरांचं फाइलींची यादी दाखवणारं साधं ‘एलएस’सुद्धा अडकतं. सगळ्या फाइल एका टार फाइलमध्ये बांधा, जॉबच्या सुरुवातीला ती नोडच्या स्वतःच्या एसएसडीवर नेऊन उलगडा, तिथून वाचा. निकाल मात्र संपण्याआधी परत आणायचे. ती जागा बहुधा जॉबबरोबर पुसली जाते.

डिस्कवर जागा असूनही ‘कोटा संपला’ असं दिसलं तर फाइलींची संख्या बघा. कोटा जीबीचा असतो तसा संख्येचाही असतो, आणि कोंडा या पॅकेज बसवणाऱ्या साधनाची तीन-चार एन्व्हायर्नमेंट लाखो फाइल सहज करून ठेवतात. ‘कोंडा क्लीन’ चालवलं की बरंच मोकळं होतं.