एक घर, पाच वेग

आमच्या घरात वाचनाची, सिनेमाची, खाण्याची आणि भटकण्याची हौस सगळ्यांना सारखीच. आवडीनिवडीवरून फारशी भांडणं होत नाहीत. होतात ती वेगावरून.

पुस्तकाचंच घ्या. सावानातून, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, पुस्तक घरी आलं की आधी आईंच्या, माझ्या सासूबाईंच्या, ताब्यात जातं. त्या शेवटचं प्रकरण पहिल्यांदा वाचतात. शेवट बरा आहे हे कळल्याशिवाय कुणात जीव गुंतवायचा नाही, असा त्यांचा रोखठोक हिशेब. लेक पुस्तक घेऊन पांघरुणात शिरते आणि सकाळपर्यंत फडशा पाडते. कसं होतं विचारलं तर ‘भारी’. बस. अण्णा, माझे सासरे, मात्र पानापानावर मुक्काम करतात. दोन पानं पुढे, एक मागे, मधेच शब्दकोश. तोवर मुदत संपते. वाचनालय १८४० सालचं आहे, तेव्हा असे वाचक त्यानं बरेच पचवले असणार. अण्णांना खरी सोयीची वाटते ती कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना. तिच्यात पुस्तकांची पेटीच वस्तीत येते आणि बदलते ती काही महिन्यांनी.

सिनेमावरून मात्र आमच्याकडे खरोखर जुंपते. नवरा मोबाइलवर सिनेमे दीडपट वेगानं बघतो. त्यातली माणसं भराभर प्रेमात पडतात, भराभर रडतात, आणि हा दीड तासात मोकळा. अण्णांना हे बघवत नाही. ‘‘अरे, त्या नटानं तिथं थांबायचं ठरवलंय. तू कोण त्याला ढकलणारा?’’ आणि मग दादासाहेब फाळके निघतातच. जन्म त्र्यंबकचा, १८७०चा. चित्रपटाची कंपनी काढली ती नाशकात. १९४४ साली देह ठेवला तोही इथेच. एवढ्या माणसाच्या गावात राहून सिनेमा पळवत बघायचा?

पण फाळक्यांना साक्षीला बोलावणं अण्णांना जरा महागच पडतं. मूकपटाच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवायचा आणि प्रोजेक्टरचाही बहुधा हातानंच. ऑपरेटरला घरी जायची घाई असली की पडद्यावरची माणसं पळू लागायची. बोलपट आले तेव्हा कुठे सेकंदाला चोवीस चौकटी हा वेग पक्का झाला, कारण तो कमीजास्त झाला की आवाज बिघडायचा. हे लेकीनं कुठूनसं वाचून जेवताना सांगितलं. नवऱ्याचा चेहरा उजळला. अण्णांनी आमटी भुरकली आणि म्हणाले, ‘‘दांडा फिरवायला अंगात ताकद लागायची. तुझं काय, अंगठ्याचं काम.’’

म्हणून मला थिएटर आवडतं. तिथे कुणाच्याच हातात काही नसतं. आई ‘शेवटी काय होतं गं?’ म्हणून कुजबुजतात, तेवढीच काय ती ढवळाढवळ.

खाण्यात आम्ही सगळ्यात जास्त उघडे पडतो. रविवारी सकाळी मिसळ खायला गंगापूर रोडकडे किंवा मखमलाबादच्या बाजूला निघतो. काळ्या मसाल्याचा रस्सा, बाजूला पापड, दही, कांदा, लिंबू. नवरा पहिल्या पावात निम्मी वाटी संपवून जादा रस्सा मागतो. अण्णा आधी पापड चुरायचा की नंतर, यावर विचार करत बसतात आणि तोवर शेव पार मऊ पडते. ती त्यांना तशीच आवडते, असं ते म्हणतात. माझा विश्वास नाही.

मध्यंतरी लेकीच्या आग्रहानं द्राक्षबागांतल्या एका भारी हॉटेलात गेलो. मोठ्ठ्या बशीच्या मधोमध चिमूटभर काहीतरी. अण्णांनी ते एका घासात संपवलं आणि वेटरला विचारलं, ‘‘वाढायला कधी सुरुवात करताय?’’ रविवारी मिसळीपुढे समाधी लावणारा हा माणूस तिथे दर पाच मिनिटांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. वाइनचा पेला त्यांनी पन्ह्यासारखा रिकामा केला. नवरा, आमचा दीडपटवाला, खुर्चीत रेलून प्रत्येक घोटाला डोळे मिटत होता. माणसाचा वेग जिभेवर वेगळा आणि डोळ्यांत वेगळा असतो की काय कोण जाणे.

गंमत म्हणजे एकामागून एक पदार्थ आणायची ही रीत युरोपातसुद्धा तशी अलीकडची. एकोणिसाव्या शतकात ती रशियाकडून पसरली. त्याआधी तिथल्या मेजवान्यांतही बरेच पदार्थ एकदम मांडत. म्हणजे आपलं ताटच की. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मधे वरणभात, आणि क्रम ज्याचा त्याचा. फक्त पंगतीत सगळ्यांचं झाल्याशिवाय उठायची सोय नाही. अण्णांच्या ताटात शेवटचा ताकभात शिल्लक असायचा आणि अख्खी पंगत हात वाळवत बसायची, हे आई अजून ऐकवतात.

प्रवासाचं फार सांगत नाही. मुंबईहून येताना कसाऱ्याला गाडी थांबते. पुढच्या घाटात सदतीस फुटांमागे एक फूट चढ आहे, म्हणून मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात. ती लागेपर्यंत नवरा घड्याळ बघतो, अण्णा खिडकीतून दरी. आता समृद्धी महामार्ग इगतपुरीवरून थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत झालाय, तर नवरा गाडीनंच चला म्हणतो. अण्णांची तक्रार अशी की तिथे रसवंती दिसली म्हणून गाडी बाजूला घेता येत नाही.

सध्या वाद चाललाय तो वणीच्या गडाचा. सप्तशृंगीला २०१८पासून फ्युनिक्युलर ट्रॉली, म्हणजे रुळांवरून दोरानं ओढत नेणारा डबा, आहे, काही मिनिटांत वर. अण्णांना शेकडो पायऱ्या चढूनच जायचंय, तेही दर टप्प्यावर बसत. नवरा ट्रॉलीचा. लेक म्हणते, मी पायऱ्यांनी जाऊन ट्रॉलीच्या आधी पोचते, लावा पैज. मी आईंना विचारलं, तुमचं काय? त्या म्हणाल्या, ‘‘वर गेल्यावर जेवायला काय आहे ते आधी सांग.’’