पट्टेदार जेड आणि बाकीची मंडळी: हिरवेपणाशी चाललेली झटापट

आधी जेडचं, म्हणजे जाड मांसल पानांच्या त्या कुंडीतल्या झाडाचं सांगतो, कारण सध्या खरी हालचाल तिथेच आहे. क्रासुला ओव्हाटाची ही व्हेरिगेटेड, म्हणजे पानांत हिरव्यासोबत फिकट भाग असलेली जात: पानांवर क्रीम रंगाचे उभे पट्टे, भरपूर उजेडात कडांना गुलाबी झाक. त्यातली एक फांदी एकाएकी जोमाने वाढायला लागली होती. व्हेरिगेटेड झाडाची एखादी फांदी फार जोरात वाढायला लागली की आनंद मानायचा नसतो, पानं बघायची असतात. पाहिली, तर शेंड्याकडच्या सगळ्या जोड्या निव्वळ हिरव्या, चांगल्या जाड आणि मोठ्या. शेजारच्या पट्टेवाल्या फांद्या तिच्यापुढे खुज्या दिसायला लागल्या होत्या.

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘उन्हात ठेवा’ किंवा ‘नायट्रोजन कमी करा’. पूर्ण हिरव्या झालेल्या शेंड्यावर यातलं काहीही चालत नाही. पट्ट्यातल्या पेशी जिवंत असतात, पण त्यांना हरितद्रव्य तयार करता येत नाही; तो फरक त्या पेशींच्या वंशातच असतो. शेंड्याच्या वाढबिंदूत अशा फिक्या पेशी शिल्लकच नसतील, तर पुढचं प्रत्येक पान हिरवंच येणार, उजेड कितीही द्या. खत आणि सावलीचा संबंध वेगळ्या ठिकाणी येतो: आधीच वरचढ असलेल्या हिरव्या भागाला ती आणखी फावतात.

म्हणून कात्री. पण कापायचं कुठे, हे पानांपेक्षा खोड जास्त नेमकं सांगतं. जेडचं कोवळं खोड बोटांत धरून हळूहळू फिरवलं की क्रीम रंगाची रेघ दिसते. जून खोडावर साल आली की ती झाकली जाते, म्हणून वेळ दवडायचा नाही. जेडची पानं समोरासमोर येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोनात असते, म्हणजे वरून पाहिलं तर पानांच्या चार रांगा. खोडाची रेघ यातल्या एकाच रांगेखालून जात असेल, तर फिकट पान एकाआड एक जोडीत आणि त्याच बाजूला येतं. माझ्या फांदीवर नेमकं तेच होतं. खालून वर रेघ निमुळती होत गेली होती, एका पेरापाशी दोऱ्याएवढी उरली होती आणि त्याच्या वर काहीच नव्हतं. वरच्या भागात पट्टे परत येतील म्हणून थांबण्यात अर्थ नव्हता.

कापताना रेघ ठळक असलेल्या पेरापर्यंत खाली आलो. तिथल्या जोडीतलं एक पान हिरवं, दुसरं अर्धं क्रीम आणि अर्धं हिरवं. असं अर्धंअर्धं पान म्हणजे लॉटरीचं तिकीट, कारण पानाच्या बगलेतला डोळा साधारण खोडाच्या तेवढ्याच भागातल्या पेशी घेऊन फुटतो. पूर्ण हिरव्या पानाच्या बगलेत हिरवा फुटवा, पूर्ण पांढऱ्याच्या बगलेत पांढरा, आणि सीमेवरच्या डोळ्यातून मिश्र फुटवा येण्याची शक्यता सगळ्यात जास्त. कापताना पेराच्या वर थोडा खुंट ठेवला; तो सुकून पेरापाशी आपोआप गळून पडतो. जखम कोरडी होईपर्यंत पाणी बंद.

आताची स्थिती: दोन्ही बगलांतून कोंब आलेत. हिरव्या पानाकडचा अपेक्षेप्रमाणे हिरवा, तो नखानेच खुडला. दुसऱ्याची पहिली जोडी बाहेर आली आहे. एक पान मधोमध उभं विभागलेलं, दुसरं जवळजवळ सगळं क्रीम, टोकाला फक्त एक हिरवा ओरखडा. माझ्या मते हे जरा जास्तच पांढरं आहे. असा फुटवा स्वतःचं अन्न पुरेसं बनवू शकत नाही, खालच्या हिरव्या पानांच्या जिवावर राहतो. त्यामुळे ‘छान दिसतोय’ म्हणून तो तोडून वेगळा लावायचा नाही, आणि त्याच्याखालची हिरवी पानंही आता खुडायची नाहीत.

हमेल्स सनसेट या पिवळ्या-लाल पानांच्या जेडच्या जातीबद्दल थोडक्यात, कारण जेडचं म्हटलं की ती हमखास मध्ये येते. माझी आतल्या जागेत ठेवली तेव्हा पिवळेपणा जाऊन साधी हिरवी झाली होती. ती रिव्हर्ट झालेली, म्हणजे कायमची हिरव्या रूपात परतलेली नव्हती. तिचा पिवळा आणि लाल रंग उजेडावर आणि थंडीवर अवलंबून असतो, पट्ट्यांसारखा पेशींच्या वंशात वाटलेला नसतो. हळूहळू उन्हात आणली, आता नवी पानं लाल कडांची येतायत. ओळखायची खूण सोपी आहे: रंग सगळ्या झाडावरून सारखा उतरला असेल तर आधी उजेड तपासा, एकच फांदी हिरवी झाली असेल तर कात्री शोधा. उलट खऱ्या व्हेरिगेटेड झाडाला रंगासाठी कडक ऊन देण्याच्या फंदात पडू नये. फिकट भाग आधी करपतो आणि तो तपकिरी डाग पान गळेपर्यंत तसाच राहतो.

व्हेरिगेटेड पोर्टुलाकारियात (जेडसारखंच दिसणारं, लहान पानांचं मांसल झुडूप) विशेष काही नाही. हिरवे फुटवे येतात, मी ते बुडापासून काढतो, पुन्हा येतात. अर्ध्यावर कापले तर उरलेल्या पेरांतून दुप्पट हिरवळ उठते.

स्नेक प्लांटचा प्रयोग मात्र बघण्यासारखा झाला. लॉरेंटी या पिवळ्या कडांच्या जातीच्या पानाचे तुकडे मुद्दाम लावले होते. मुळं आली, मग पिल्लं आली, आणि पिल्लांना पिवळी कड नाही. नुसते गडद हिरवे आडवे पट्टे. हे असंच होणार होतं, पण स्वतःच्या कुंडीत बघायची मजा वेगळी. लॉरेंटीत दोन प्रकारच्या पेशी थराथरांनी रचलेल्या असतात. तुकड्याच्या कापलेल्या टोकाशी नवा कोंब आतल्या, हरितद्रव्य असलेल्या पेशींतून तयार होतो आणि ती थरांची रचना त्यात उतरत नाही. पांढऱ्या कडेच्या पेलार्गोनियमवर काम करून जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एर्विन बाउरने १९०९ मध्ये हे थरांचं गणित मांडलं होतं. लॉरेंटी वाढवायची तर जमिनीखालचं खोड पिल्लासकट वेगळं करायचं. पानाच्या तुकड्याचा मोह नको. पट्टेवाली एचेवेरियाही (गुलाबासारख्या गोल रचनेत पानं येणारं मांसल झाड) मी पानापासून वाढवत नाही. गळलेल्या पानातून हिरवं किंवा निव्वळ पांढरं पिल्लू निघण्याचाच संभव जास्त, म्हणून वरचा पानांचा झुबका कापून ठेवतो आणि उरलेल्या खोडावरच्या फुटव्यांतून निवड करतो.

हॉवर्थिया या छोट्या मांसल झाडाच्या बुडाशी एक पिल्लू आलंय, पूर्ण पांढरं, किंचित गुलाबी, मेणाचं असावं तसं. बघणारा प्रत्येक जण तेच मागतो. ते आईपासून वेगळं केलं की जगणार नाही, त्यामुळे मागणाऱ्यांना शेजारचं पट्टेवालं पिल्लू देण्याचं कबूल केलंय, तेही त्याला स्वतःची मुळं फुटल्यावर.

जेडच्या मिश्र फुटव्याची आणखी दोन जोड्यांची वाट बघतोय. तिसऱ्या जोडीपर्यंत खोडावर हिरवी रेघ टिकली तर त्याला फांदी म्हणून वाढू देणार. पूर्ण पांढराच होत गेला, तर पुन्हा पहिल्या जोडीच्या वर कापून विभागलेल्या पानाच्या बगलेतला डोळा जागा करायचा, असं ठरवलंय. कापलेल्या हिरव्या शेंड्याला दरम्यान मुळं फुटली आहेत. साधी जेड म्हणून ती कुंडी उत्तम भरेल.