खोक्यावरचे वर्ष : फ्लूच्या लशीची माहिती शोधताना आलेला माझा अनुभव

२०२५ च्या एप्रिलमध्ये आमच्या घरात फ्लूच्या लशीचा विषय निघाला, तेव्हा घरात साडेचार वर्षांचा मुलगा, चार महिन्यांची मुलगी, मधुमेह असलेल्या अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई आणि आम्ही नवराबायको अशी पाच माणसे होतो. आधीच्या पावसाळ्यात मुलाने नर्सरीतून आणलेला ताप घरभर फिरला होता आणि सासूबाईंचा खोकला दिवाळीपर्यंत रेंगाळला होता. ही लस सरकारच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही, त्यामुळे आशाताई तिची आठवण करून देत नाहीत. कोणी घ्यायची, केव्हा घ्यायची आणि कोणती घ्यायची, हे घरच्यांनाच शोधावे लागते.

मी रात्री मुलीला थोपटत एका हाताने मोबाइलवरच्या एआयला विचारले, "मुलांना फ्लूची लस केव्हा द्यावी?" उत्तर क्षणात आणि चांगल्या मराठीत आले : सप्टेंबर किंवा ऑक्टोबर. भाषा इतकी ठाम होती की, मी तेवढ्यावरच फोन ठेवून दिला आणि विषय पाच महिने पुढे ढकलला. सकाळी चहाच्या वेळी सासूबाईंना हे सांगितले, तर त्या म्हणाल्या, "सारे पोट्टे पावसाळ्यात खोकलून राह्यतात अन् लस दसऱ्याला देतं का?"

त्यांचा प्रश्न बिनतोड होता. सप्टेंबर-ऑक्टोबर हे उत्तर चुकीचे नव्हते, ते अमेरिकेचे होते. तिथे फ्लूची साथ हिवाळ्यात येते. आपल्याकडे बहुतेक भागांत ती जुलै ते सप्टेंबरमध्ये जोर धरते आणि जानेवारी ते मार्चदरम्यान पुन्हा डोके वर काढते. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे नागपुरात पाऊस जूनच्या मध्यास येतो असे धरले, तर मे महिन्याअखेर सगळे आटोपलेले बरे. प्रश्नात "नागपूर" हा शब्द घालून पुन्हा विचारले, तेव्हा त्याच एआयने "पावसाळ्यापूर्वी" असे सांगितले; आदल्या रात्रीच्या उत्तराचा उल्लेखही केला नाही.

दुसरी चूक मात्र खरोखरीची चूक होती. मुलाने आधी काय काय घेतले आहे हे पाहण्यासाठी मी त्याच्या लसीकरण कार्डाचा फोटो एआयला दिला. त्यावर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या रकान्यांत "पेंटाव्हॅलंट" लिहिलेले आहे. या लशीतल्या पाच घटकांपैकी एक "हिब", म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी. उत्तर आले की, मुलाला इन्फ्लुएंझापासून संरक्षण आधीच मिळालेले आहे. प्रत्यक्षात हिब हा जिवाणू आहे. तो मेंदूज्वर आणि न्यूमोनियाला कारण होतो आणि फ्लूच्या विषाणूशी त्याचा संबंध केवळ नावापुरता आहे. १८९२ मध्ये फ्लूच्या रुग्णांत तो सापडला, तेव्हा तोच फ्लूचे कारण आहे असे समजले गेले आणि नाव चिकटले ते चिकटलेच. माणसातला फ्लूचा खरा विषाणू १९३३ मध्ये वेगळा करता आला. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचा नामकरणाचा घोळ माझ्या मुलाच्या लशीच्या आड येईल, असे मला कधी वाटले नव्हते.

त्यानंतर मी एआयकडून उत्तर मागणे सोडले आणि मूळ मजकूर कुठे आहे तेवढेच विचारू लागले. त्याने दिलेल्या दुव्यांपैकी एक उघडलाच नाही. उरलेल्यांवरून जागतिक आरोग्य संघटना आणि इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना यांच्या शिफारशींपर्यंत पोहोचले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना ही लस दरवर्षी द्यावी आणि नऊ वर्षांखालील मूल ती पहिल्यांदाच घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस द्यावेत, हे तिथे स्पष्ट होते. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही, म्हणून त्याच्याभोवतीच्या माणसांनी ती घ्यायची. बाळाला पाजणाऱ्या आईलाही चालते. माझा हिशेब तिथेच मांडून झाला.

राहिला प्रश्न कोणत्या लशीचा. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "चार विषाणूंचीच घ्या, तीनची जुनी झाली" असा आग्रह चालू होता आणि एआयही तेच म्हणत होते. पण चौथा, म्हणजे बी यामागाता हा प्रकार मार्च २०२० नंतर जगात खात्रीने आढळलेलाच नाही आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी तो लशीत ठेवण्याची गरज उरली नसल्याचे सांगितले. तीन की चार, हा वाद माझ्यापुरता तिथे मिटला. खरा फरक वर्षाचा होता. या लशीतले विषाणू ही संघटना वर्षातून दोनदा ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्यासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. म्हणजे आमच्या पावसाळ्याआधी मिळणारी सर्वांत नवी लस आदल्या सप्टेंबरमध्ये ठरलेली, दक्षिण गोलार्धाची होती.

औषधाच्या एका दुकानात मी खोके हातात घेऊन उजेडात धरले. बाजूच्या पट्टीवर बारीक अक्षरांत "उत्तर गोलार्ध २०२४-२०२५" असे होते आणि खाली एच३एन२ या फ्लूच्या विषाणूच्या ओळीत, त्याचा नमुना जिथे आणि जेव्हा सापडला ते, म्हणजे थायलंडचे नाव व २०२२ साल. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एक्स्पायरी आहे ना अजून." एक्स्पायरी होती, हे खरे. त्याने खोके बर्फाच्या पिशवीत घालून द्यायची तयारीही केली. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते आणि गोठलेली लस टाकून द्यावी लागते, हे मी नुकतेच वाचले होते. बाहेर ऊन इतके की, स्कूटरच्या सीटवर हात टेकवत नव्हता. मी ते खोके परत केले.

धंतोलीतल्या आमच्या बालरोगतज्ज्ञांच्या फ्रीजमधून निघालेल्या खोक्यावर "दक्षिण गोलार्ध २०२५" होते आणि थायलंडच्या जागी क्रोएशिया २०२३. बाकी दोन ओळी जशाच्या तशा होत्या. हा फरक मी विचारला, तेव्हा डॉक्टरांनी चष्मा वर सरकवून खोके स्वतः वाचले आणि म्हणाले, "पालक हे पाहत नाहीत." एप्रिलच्या अखेरीस मुलाचा पहिला डोस आणि आम्हा दोघांचा एकेक झाला. सासूबाईंनी त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारूनच घेतला. लशीनेच फ्लू होतो, ही त्यांची भीती होती. तिच्यातला विषाणू मेलेला असतो, हे त्यांना माझ्याकडून नव्हे, त्या डॉक्टरांकडून पटले. दोन दिवस दंड दुखला, तेवढेच.

मुलाचा दुसरा डोस चार आठवड्यांनी, ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत झाला. मुलगी जूनमध्ये सहा महिन्यांची झाली, तोवर पाऊस लागला होता, पण डॉक्टर म्हणाले की आता थांबण्यात अर्थ नाही. तिचा पहिला डोस जूनच्या अखेरीस झाला. दुसऱ्यासाठी जुलैअखेर धंतोलीला गेलो, तेव्हा कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यावे लागले; त्यावर "फ्लू" असे नुसते न लिहिता "दक्षिण गोलार्ध २०२५" लिहा, अशी विनंती मी केली आणि नर्सताईंनी जागा अपुरी म्हणून ते उभे लिहिले.