कुणी विचारलं नाही

बुधवार, रात्री

शनिवारचं अजून डोक्यातून जात नाही. झालं एवढंच की हॉलमधली कॉफी मॉर्निंग संपत आली होती आणि मी सिंकपाशी कप विसळत होते. चेअरमन आले, नेहमीसारखे मोकळं हसले आणि म्हणाले, "ख्रिसमसच्या बाजाराला तुमचे ते बटाट्याचे वडे होणार ना?" मी म्हटलं, करीन की. मग त्याच दमात, माझ्या शेजारी कप पुसत उभ्या असलेल्या मिलवाल्यांकडे वळून त्यांनी विचारलं, "कौन्सिलच्या जागेचं काय ठरवलंत?" कौन्सिल म्हणजे इंग्लंडमधल्या आमच्या या खेड्याची पॅरिश कौन्सिल, आपल्या ग्रामपंचायतीसारखी. तिथली एक जागा रिकामी झाली आहे.

मिलवाले आत्ता ईस्टरला गावात राहायला आले. माणूस चांगला आहे, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तो प्रश्न माझ्या डोक्यावरून पलीकडे गेला आणि मी मान खाली घालून धुतलेलाच कप पुन्हा धूत राहिले.

मला कुणी विचारलं नाही.

घरी येताना ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तुला कुठे हवीय ती जागा? थंडीत साडेसातला हॉलवर जाऊन खड्ड्यांवर चर्चा करत बसायचं!" मी काही बोलले नाही. हवी की नको हा मुद्दा पुढचा. आधी विचारायला तर हवं होतं कुणी.

आणि थंडीत साडेसातला मी जातेच की. लोकांसाठी मांडलेल्या खुर्च्यांवर बहुतेक वेळा मी एकटीच असते. सुरुवातीला न आलेल्यांची नावं वाचतात, मग कुणाचा कुठल्या विषयात हितसंबंध आहे ते जाहीर करायचं, मग मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर. त्यानंतर आम्हा लोकांना बोलायची वेळ, प्रत्येकी तीन मिनिटं. ती संपली की आपण नुसतं ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. रस्त्यावर टाकायच्या मिठाची पेटी, कुत्र्यांची घाण, बसथांब्याचं गळकं छप्पर, कुणाच्या वाढीव खोलीचा अर्ज. परवानगी द्यायची की नाही हे काउंटी, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखी वरची कौन्सिल, ठरवते, आमची कौन्सिल फक्त मत कळवते. रस्ता आमचा नाही, खड्डाही आमचा नाही, त्याबद्दल पत्र लिहिणं तेवढं आमचं. वर्षाची उलाढाल 25,000 पौंडांच्या आतली, त्यामुळे हिशेबाचे कागद वेबसाइटवर टाकावेच लागतात. ते मी वाचते. गवत कापायला किती, विम्याला किती, क्लार्कबाईंचा पगार किती. आपल्या घरपट्टीसारखा जो कौन्सिल टॅक्स भरतो, त्यातलाच एक छोटा वाटा हा.

2021 च्या फेब्रुवारीत चेशरमधल्या हँडफोर्थच्या पॅरिश कौन्सिलचा झूमवरचा तो भांडणाचा व्हिडिओ जगभर फिरला. पुण्याहून मावसबहिणीने मला पाठवून विचारलं होतं, तुमच्याकडेही असंच असतं का गं? मी तिला मोठा मेसेज लिहिला की नाही, आमच्या श्रॉपशरच्या या कोपऱ्यात कुणी आवाजसुद्धा चढवत नाही, फार समजुतीने चालतं सगळं. "आमच्या" असं लिहिलं होतं मी. आज तो मेसेज शोधून पुन्हा वाचला. कशाला वाचला कोण जाणे.

मला बसता येतं का, याची खात्री मी मागेच करून घेतली आहे. पासपोर्ट भारताचा असला तरी कॉमनवेल्थमधल्या देशाचा नागरिक, कायमच्या वास्तव्याचा परवाना असलेला, मतदार यादीत नाव असलेला माणूस पॅरिश कौन्सिलवर जाऊ शकतो. मत तर मी कधीपासून देतेय. या वर्षी 1 मेला निवडणूक होती. महाराष्ट्र दिन, तिकडे गावोगाव ग्रामसभेचा दिवस, आणि मी इथे हॉलवर काउंटीसाठी मत टाकायला गेले. पॅरिशची मतपत्रिकाच नव्हती. जागा जितक्या, अर्ज तितकेच, म्हणून सगळे बिनविरोध. तेव्हा कौन्सिलवर गेटवाल्या आजी होत्या. त्या असताना आपणही अर्ज भरावा असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

आता त्यांचीच जागा आहे ती.

नोटीस लागली तेव्हा मी बोर्डासमोर बराच वेळ उभी होते. जागा रिकामी झाल्याचं कारण एका ओळीत, त्यांच्या नावासकट. खाली नियम: कामकाजाच्या 14 दिवसांत दहा मतदारांनी मागणी केली तर निवडणूक, नाही तर कौन्सिल स्वतः कुणाला तरी घेईल. दहा जणांनी काही मागणी केली नाही. सप्टेंबरपासून सगळे असेच गप्प आहेत. परवाच्या रिमेंब्रन्स संडेला युद्धस्मारकापाशी नावं वाचायला दुसरंच कुणीतरी उभं राहिलं आणि एक नाव चुकीचं उच्चारलं. आजींनी चुकू दिलं नसतं. त्याबद्दल मला आज लिहायचं नाही.

मी रागावले आहे का? राग नाही म्हणता येणार. वडे मागायला गावातल्या लोकांना संकोच नाही. मुलांच्या पार्टीला, चर्चच्या छपराच्या फंडाला, मे मधल्या फेटला, म्हणजे गावच्या जत्रेला, हक्काने मागतात आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. उकडलेल्या बटाट्यांची पातेली घेऊन उतरावरून जाताना कुणी ना कुणी गाडी थांबवतंच. पण वडे माझे चालतात आणि मत? मी नळाखाली हात धरून उभी होते, दोन हातांवर. नजर फिरली असती तरी पुरलं असतं.

आबांना विचारायला सगळी आळी आली होती. मी लहान होते पण चांगलं आठवतंय. भोरहून शेवटच्या एसटीने आबा उतरले तर ओसरीवर माणसंच माणसं. "मास्तर, या वेळेला तुम्हीच उभं राहायचं." आबा नाही म्हणाले. पुन्हा आग्रह. पुन्हा नाही. चहाचं आधण तीनदा ठेवलं आईने. शेवटी तात्यांनी त्यांच्या हातात नारळच ठेवला, मग आबांना बोलता येईना. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना माझी मान ताठ होती. मला वाटतं तेव्हापासून मी कुठेतरी तो नारळ धरून बसले आहे. माणसं दाराशी येतात, आपण नाही म्हणतो, ती पुन्हा म्हणतात, असंच असतं हे माझ्या हाडात भिनलंय. इथे दाराशी कुणी येत नाही. आलं तर अंड्यांचा खोका पायरीवर ठेवून, बेल न वाजवता परत जातं.

आज सकाळी आईला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे बाळा, त्यांना तुझी किंमत नाही. मला तेच ऐकायचं होतं. ती म्हणाली, "आबांचं काय सांगतेस? मला कुणी विचारलं होतं?"

खरंच की. आईही पंचायतीत होती. घटनेच्या 73व्या दुरुस्तीनंतर बायकांसाठी तिसरा हिस्सा जागा राखीव झाल्या, आमचा वॉर्ड त्यात आला आणि आबांनी तात्यांशी बोलून आईचा अर्ज भरून आणला. ती भाकऱ्या थापत होती. पिठाचे हात पुसून तिने सही केली. ना नारळ, ना आग्रह. पहिले कित्येक महिने सभेत ती पदर सावरून भिंतीशी बसायची आणि बोलायचे आबाच. मग एकदा ती बोलली. शाळेतल्या मुलींच्या संडासाला दार नव्हतं, ते बसवा म्हणाली. ग्रामसेवक म्हणाले बघू. पुढच्या सभेत तिने तेच वाक्य म्हटलं, त्याच्या पुढच्या सभेतही. दार बसलं. मी त्या दारामागे कडी लावून उभी राहिलेली पहिल्या काही मुलींपैकी आहे, आणि आबांचा नारळ लक्षात ठेवून हे मात्र विसरून बसले होते.

"विचारलं नाही तर नाही," आई म्हणाली. "तुला बोलायचं काय आहे ते सांग."

मला काय बोलायचं आहे? फोन ठेवल्यावर मी वाफ्यावर गेले, कोथिंबीर कधीच संपली होती, उगाच तण उपटत बसले. शेजारच्या वाफ्यावरच्या बाई गाजरं काढत होत्या. त्यांना मी सरळच विचारलं. इतक्या वर्षांत असं काही विचारलं नव्हतं. त्या मातीचा हात कपाळाला लावून म्हणाल्या, "तुला हवं असतं तर तू म्हणाली असतीस, असंच वाटलं आम्हाला. उगाच भरीला कशाला घालायचं कुणाला?" आणि मिलवाले? त्यांनी म्हणे पबमध्ये स्वतःच विषय काढला होता, त्याचंच उत्तर चेअरमन विचारत होते.

म्हणजे ते सगळे मला अवघडवू नये म्हणून गप्प, आणि मी त्यांनी अवघडवावं म्हणून गप्प. हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. तरी शनिवारचा तो क्षण आठवला की अजून पोटात तसंच होतं, त्याला इलाज नाही. कळणं वेगळं आणि दुखणं वेगळं. माझ्या मनाला नारळ लागतो आणि या गावात नारळ द्यायची रीत नाही, त्याला गावाने तरी काय करायचं?

बाईंनी जाताना दोन गाजरं दिली आणि म्हणाल्या, "ती पायरी आता कोण बघणार, ते मात्र कळत नाही."

ती पायरी. आजींना आमच्या लेकीने गेटवाल्या आजी म्हणायला सुरुवात केली ती खालच्या शेतातल्या फाटकामुळे. तिथे पूर्वी कुंपण चढून ओलांडायची लाकडी पायरी होती. गुडघे गेलेल्या माणसाला तो रस्ता बंदच. आजींनी चिकाटीने तिथे फिरतं फाटक बसवून घेतलं, माणूस जाईल पण मेंढी जाणार नाही असं. दुसरी पायरी चर्चमागच्या वाटेवर आहे, बसथांब्याकडे जाणारी. ती राहिली. दर सभेच्या कागदावर तो विषय असतो आणि दर वेळी पुढच्या सभेवर जातो. मागच्या दोन सभांना तर त्यावर कुणी तोंडच उघडलं नाही. पुढे ढकलायलासुद्धा कुणीतरी बोलावं लागतं. क्लार्कबाईंनी नुसतं "पुढे" म्हटलं आणि पान उलटलं. मी लोकांच्या खुर्चीवर होते, माझी तीन मिनिटं आधीच संपली होती.

आजींनीच मला एकदा वाफ्यावर सांगितलं होतं, पॅरिश कौन्सिल 1894 च्या कायद्याने आली आणि त्यात पहिल्यापासून बायकांना, लग्न झालेल्या बायकांनासुद्धा, मत देता यायचं आणि निवडूनही येता यायचं. पार्लमेंटसाठी मत मिळायला 1918 उजाडलं, तेही तिशीच्या पुढच्या काहींनाच. त्या म्हणाल्या होत्या, मोठ्या दारापाशी थांबवलं तर लहान दाराने शिरायचं. तेव्हा मी बीट उपटत होते, हूं हूं करत होते. त्या मलाच सांगत होत्या का? असतील. नसतीलही. विचारायचं राहिलं.

रात्री जेवणं झाल्यावर अर्ज लिहिला. काही मोठा फॉर्म नाही, आपण कोण आणि कौन्सिलवर का यायचं आहे, हे क्लार्कबाईंना शुक्रवारपर्यंत मेलने पाठवायचं. मग पुढच्या सभेत हजर सभासद मत देतात, निम्म्याहून जास्त मतं लागतात. मिलवाल्यांना जास्त पडतील कदाचित. पहिल्यांदा "मला संधी मिळाली तर आनंद होईल" असं काहीतरी लिहिलं होतं, ते खोडलं. पायरीचंच लिहिलं. पायरी दुरुस्त ठेवायची जबाबदारी कायद्याने जमीनमालकाची, पण खर्चाचा निदान चौथा हिस्सा काउंटीने द्यायचा असतो, आणि पायवाटेची देखभाल करायचा अधिकार पॅरिश कौन्सिललाही आहे. म्हणजे पायरी काढून फाटक बसवायचं तर शेतकऱ्याचं मन वळवणं एवढंच खरं काम. बाकी कागद आहेत. ह्यांनी वाचलं, एक स्पेलिंग सुधारलं आणि म्हणाले, "थंडीत हॉलवर गाडीने सोडीन."

शेतकऱ्याकडे रविवारी जाणार आहे, जागा मिळो न मिळो. मेंढ्या वरच्या शेतात हलवल्या की खांब रोवायला ती जागा मोकळी असते, असं आजी म्हणायच्या, आणि या महिन्याअखेर तो त्या हलवतो.