ग्दान्स्क ते नोव्हा हुता: पोलंडचं स्थित्यंतर अभ्यासायला जाणाऱ्यांसाठी

पोलंडमधे कम्युनिस्ट राजवट गेल्यावर, म्हणजे १९८९ नंतर काय झालं यावर वाचन करून झालं असेल आणि आता प्रत्यक्ष जायचं ठरवत असाल तर पहिली गोष्ट सांगतो, वॉर्सॉपासून सुरुवात करू नका. बहुतेक लोक तिथंच उतरतात, तिथल्याच लायब्ररीत बसतात, दोन-चार प्राध्यापकांना भेटतात आणि परत येऊन लिहितात की शॉक थेरपी, म्हणजे एका झटक्यात बाजार मोकळा करण्याची योजना, यशस्वी झाली. आकडे खोटे नाहीत त्यांचे. पण एक प्रश्न आकड्यांत सापडत नाही. ज्या देशात भाववाढ झाली की सरकार हादरायचं, १९७० ला, १९७६ ला, १९८० ला, पुन्हा १९८८ ला, त्याच देशात जानेवारी १९९० या एका महिन्यात भाव जवळपास ८० टक्क्यांनी वाढले आणि लोक मात्र रस्त्यावर आले नाहीत. का नाही आले? माझ्या अभ्यासाचा विषयच हा, आणि त्यासाठी सुरुवात ग्दान्स्कपासून करावी असं माझं ठाम मत आहे.

तर वॉर्सॉला उतरलात तरी सरळ ट्रेन पकडून ग्दान्स्कला जा. इंटरसिटीची फास्ट गाडी साधारण तीन तासात पोचवते, रिझर्वेशन लागतंच, आणि तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. ग्दान्स्क ग्लूव्हनी हे मेन स्टेशन, तिथून शिपयार्डचं दोन नंबरचं गेट चालत पंधरा-वीस मिनिटांवर. गेटसमोर तीन उंच क्रॉसचं स्मारक आहे, डिसेंबर १९७० च्या गोळीबारात मेलेल्या कामगारांचं. तेव्हा सरकारने ख्रिसमसच्या तोंडावर खाण्यापिण्याच्या वस्तूंचे भाव वाढवले, कामगार बाहेर पडले, सैन्याने गोळ्या घातल्या आणि कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख गोमुल्का याला खुर्ची सोडावी लागली. हे स्मारक उभं राहिलं डिसेंबर १९८० मधे, म्हणजे कम्युनिस्ट राजवट असतानाच, ऑगस्टच्या संपात कामगारांनी ती मागणी लावून धरली होती म्हणून. ज्या सरकारने गोळ्या घातल्या त्याच राजवटीत गोळ्यांचं स्मारक, हे वाचताना कळतं पण तिथं मान वर करून बघताना जे जाणवतं ते वेगळंच.

शेजारी गंजलेल्या लोखंडाच्या रंगाची प्रचंड इमारत दिसेल, ते युरोपियन सॉलिडॅरिटी सेंटर, २०१४ ला उघडलं. सॉलिडॅरिटी म्हणजे ऑगस्ट १९८० च्या त्या संपातून जन्मलेली स्वतंत्र कामगार संघटना. कायमस्वरूपी प्रदर्शनाला तिकीट आहे, ऑडिओ गाइड इंग्रजीत मिळतो, आणि कृपा करून अख्खा दिवस ठेवा. १४ ऑगस्ट १९८० ला संप पेटला त्याचं निमित्त होतं आना वालेन्तिनोविच या क्रेन चालवणाऱ्या बाईंना निवृत्तीला थोडेच महिने उरलेले असताना काढून टाकलं ते. संपकऱ्यांच्या २१ मागण्या ज्या लाकडी फळ्यांवर लिहून गेटवर टांगल्या होत्या त्या मूळ फळ्या इथं बघायला मिळतात, युनेस्कोने २००३ मधे त्या जागतिक स्मृतींच्या यादीत घेतल्या. मागण्या एकेक करून वाचा. पहिली स्वतंत्र युनियनची, मग संपाचा हक्क, मग अभिव्यक्ती स्वातंत्र्य, आणि पुढे पुढे मांस, पाळणाघर, घरासाठीची वेटिंग लिस्ट, शनिवारची सुट्टी. म्हणजे लोकशाही आणि पोटापाण्याचा प्रश्न एकाच फळीवर, आणि आपण मात्र दोन वेगळ्या डिपार्टमेंटमधे शिकतो. वर लायब्ररी आणि अर्काइव्ह आहे, अर्काइव्हसाठी आधी मेल करून वेळ घ्या, विषय नेमका लिहा, 'सॉलिडॅरिटीबद्दल सगळं' असं लिहिलंत तर कोण काय काढून देणार.

बाहेर पडल्यावर शिपयार्डच्या आवारात फिरा. मोठा भाग आता वेगळ्याच कामाला लागलाय, कॅफे आहेत, गॅलऱ्या आहेत, नवी घरं उठतायत. सॉलिडॅरिटी जिथं जन्मली ते हे शिपयार्ड १९९६ मधे दिवाळखोरीत निघालं. इथं जुन्या कामगारांशी बोलणं झालं तेव्हा एक गोष्ट वारंवार ऐकली, सरकार आपलं होतं म्हणून आम्ही गप्प बसलो. माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच मिळालं म्हणा ना.

उरलेलं उत्तर कळायला १९८९ चा घटनाक्रम डोक्यात पक्का हवा. ६ फेब्रुवारी ते ५ एप्रिल सरकार आणि सॉलिडॅरिटी यांची राउंड टेबल चर्चा, ४ जूनला निवडणूक, त्यात सेइमच्या, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, ४६० पैकी फक्त १६१ जागा खुल्या, बाकी सत्ताधाऱ्यांसाठी राखीव, सिनेटच्या १०० मात्र सगळ्या खुल्या. दोन फेऱ्या मिळून सॉलिडॅरिटीने त्या १६१ च्या १६१ घेतल्या आणि सिनेटच्या ९९. ऑगस्टअखेर तादेउश मझोव्येत्स्की पंतप्रधान, अर्थखातं लेशेक बाल्त्सेरोविचकडे, आणि १ जानेवारी १९९० पासून त्याची योजना, म्हणजे तीच शॉक थेरपी, लागू. बहुतेक भाव मोकळे, सबसिडी कापल्या, एका डॉलरला ९,५०० झ्वॉटी हा दर बांधून टाकला, व्याजदर वर, आणि पगार ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाढवणाऱ्या सरकारी कारखान्यांवर जबर कर. या कराला लोक पोपिवेक म्हणायचे आणि युनियनवाल्यांचा सगळ्यात जास्त राग यावरच, मुलाखतीत हा शब्द काढा, माणूस लगेच बोलायला लागतो.

वॉर्सॉला जायच्या आधी मात्र अजून एक थांबा घ्या, जो कुणी घेत नाही. ग्दान्स्कच्या पश्चिमेला स्वुप्स्क, कोशालिन या पट्ट्यात पूर्वी सरकारी शेतफार्म होते, पेगेएर म्हणतात त्यांना. पोलंडमधे शेती बहुतांश खाजगीच राहिली होती, पण उत्तर आणि पश्चिम भागात हे फार्म मोठ्या प्रमाणावर होते आणि ऑक्टोबर १९९१ च्या कायद्याने ते सगळे मोडीत काढले. चार लाखांहून जास्त लोक तिथं कामाला होते. गेलात की दिसतं, चारी बाजूंनी शेतं आणि मधेच तीन-चार मजली फ्लॅटच्या इमारती, शहरातून उचलून आणून ठेवल्यासारख्या. गोठ्यावर काम केलेल्या एका आजींनी मला सांगितलं की फार्म गेला म्हणजे नुसता पगार गेला नाही, पाळणाघर गेलं, बस गेली, कँटीन गेलं, मुलांच्या सहली गेल्या, कारण हे सगळं फार्मच चालवायचा. सुधारणेच्या हिशोबात हा खर्च कुठंच धरला नव्हता असं मला वाटतं आणि हे मी अगदी विचार करून लिहितोय, कारण मी स्वतः ती योजना एकंदरीत गरजेची होती या मताचा आहे. १९८९ च्या शेवटी महागाई ज्या वेगाने धावत होती त्यात थांबून बघायला वेळ नव्हता. पण पेगेएरच्या लोकांकडे ना जमीन होती ना भांडवल ना जवळ दुसरा कारखाना, आणि त्यांच्यासाठी वेगळं काही करायला सवड नव्हती असं मात्र म्हणता येत नाही.

या गावांना जायचं तर बस फारच कमी, भाड्याने गाडी घ्या किंवा ओळखीतल्या कुणाला तरी बरोबर न्या. आधी ग्मिना ऑफिसला पोलिशमधे मेल टाका आणि सोवतिसला भेटायचंय म्हणा, सोवतिस म्हणजे गावाने निवडलेला प्रमुख. ग्मिना ही सगळ्यात खालची स्वायत्त संस्था, तिच्या निवडणुका मे १९९० मधेच झाल्या, म्हणजे देशाची पूर्ण मोकळी संसदीय निवडणूक व्हायच्याही आधी. येझी रेगुल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कायदा ऐंशीच्या दशकातच अभ्यास करून तयार ठेवला होता, संधी आली तेव्हा मसुदा हातात होता. २००९ पासून गावाच्या सभेला स्वतःच्या निधीचा खर्च ठरवता येतो, ग्मिनाने तो निधी मान्य केला असेल तर. आपल्या ग्रामसभेवर काम करणाऱ्यांनी तर हे आवर्जून बघावं, सभा सहसा सप्टेंबरात असतात कारण महिनाअखेरपर्यंत प्रस्ताव द्यावा लागतो.

मग वॉर्सॉ. कागदपत्रांसाठी तीन जागा. कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीचे कागद आर्हिवुम अक्त नोविह मधे, नॅशनल लायब्ररी आलेया न्येपोदलेग्वोश्ची रस्त्यावर, आणि त्याच रस्त्यावर सरकारी सांख्यिकी कार्यालयाची लायब्ररी जिथं जुनी वार्षिकं कपाटात ओळीने लागलीत. फायली आदल्या दिवशी तरी ऑनलाइन कॅटलॉगमधून नंबर काढून मागवा. स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढता येतात, फ्लॅश नको. सगळं पोलिशमधे आहे हे धरून चला, फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर छापील पानाचं बरं होतं, हस्ताक्षराचं होत नाही, तिथं पोलिश विद्यार्थ्याला तासावर पैसे देऊन घ्या. संसदेच्या चर्चांचे शब्दशः अहवाल नेटवर आहेत, त्यासाठी तिकडचा दिवस वाया घालवू नका.

नोवी श्व्यात आणि येरोझोलिमस्के या रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक भलीमोठी पांढरी इमारत आहे, ते पक्षाचं मुख्यालय होतं. १६ एप्रिल १९९१ ला याच इमारतीत वॉर्सॉ शेअर बाजाराचं पहिलं सेशन झालं, पाच कंपन्या होत्या फक्त. नदीपलीकडे आता जिथं नॅशनल स्टेडियम आहे तिथल्या जुन्या स्टेडियमवर नव्वदीत अवाढव्य खुला बाजार भरायचा. छोट्या धंद्यांना मोकळीक मझोव्येत्स्की यायच्या आधीच मिळाली होती, शेवटच्या कम्युनिस्ट सरकारातला उद्योगमंत्री व्हिल्चेक याच्या कायद्याने, १ जानेवारी १९८९ पासून. हे लोक विसरतात. खाटेवर माल मांडून उभी राहिलेली माणसं त्या कायद्यामुळे उभी होती आणि कामावरून निघालेल्या कित्येकांना यानेच तगवलं.

सोसण्यामागे आणखी एक माणूस होता, यात्सेक कुरोन. वर्षानुवर्षं विरोधात राहून तुरुंगात गेलेला हा माणूस कामगारमंत्री झाला आणि टीव्हीवर येऊन लोकांना साध्या भाषेत सांगायचा काय चाललंय ते. बेकारभत्त्याला लोक त्याच्याच नावाने कुरोनिव्का म्हणायला लागले. पण सहनशक्तीलाही मुदत असते. १९९३ च्या अखेरीस बेकारी १६.४ टक्के होती आणि त्याच वर्षी लोकांनी जुन्या कम्युनिस्टांच्या वारसांना निवडून दिलं, १९९५ ला सॉलिडॅरिटीचा नेता आणि तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष लेक वॉलेसा स्वतः हरला. गंमत नाही ही, हीच तर लोकशाही, राग मतपेटीत गेला आणि धोरणाची दिशा तरीही फारशी उलटली नाही. पुढे २०१५ नंतर न्यायालयांवरून जो संघर्ष पेटला तो बघताना हे मागचं डोक्यात हवं. ४ जून १९८९ ला मतदान ६२.७ टक्के होतं, ऑक्टोबर २०२३ ला ७४.४.

वॉर्सॉत आपल्यासाठी एक खास जागा, माँटे कॅसिनो स्मारकाजवळचं कोल्हापूरचं छोटं स्मारक. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले होते. कोल्हापूर म्हटलं की काही वयस्कर लोकांचे चेहरे उजळतात, मुलाखतीआधी हे सांगून बघा.

शेवटी क्राकोव्ह, तिथून ट्रामने नोव्हा हुता. १९४९ पासून उभारलेलं हे समाजवादी आदर्श शहर, लेनिनच्या नावाचा पोलाद कारखाना, जिथं एकेकाळी जवळपास चाळीस हजार लोक होते. लेनिनचा पुतळा डिसेंबर १९८९ मधे हलवला, मधल्या चौकाला आता रोनाल्ड रेगनचं नाव आहे आणि कारखाना मित्तलांच्या कंपनीकडे. जुन्या श्व्यातोव्हिद थिएटरात म्युझियम आहे ते बघा.

जेवणाचं, बार म्लेच्नी शोधा, कम्युनिस्ट काळापासूनच्या स्वस्त खानावळी, सरकारी अनुदान अजून मिळतं. शाकाहारींनी प्येरोगी रुस्क्ये मागवावे, बटाटा आणि पनीरसारखं चीज, पण 'बेझ मियेंसा' सांगायचंच नाहीतर वर डुकराच्या चरबीचे तुकडे येतात. रविवारी बहुतेक दुकानं बंद, शनिवारीच सामान भरा. चलन झ्वॉटी आहे, युरो नेऊन उपयोग नाही. व्हिसा शेंगेन, ९० युरो फी, मुंबईतून होतो, तारीख मिळायला वेळ लागतो म्हणून आपल्या संशोधनाच्या गाइडचं पत्र आणि तिकडच्या संस्थेचं निमंत्रण आधी हातात घ्या, आणि ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर नॅशनल व्हिसा वेगळा काढावा लागतो. डिसेंबरात जाऊ नका, साडेतीनला अंधार पडतो आणि गावाकडच्या मुलाखती होत नाहीत. सप्टेंबर उत्तम.